फटकी मिरची आणि माझी पापणी

९ जानेवारी २०२५, गुरुवार
डावी पापणी पार खाली! पथारीवर, मिरची वाळत घालतो त्या मैदानात, डेठ खुडताना शीला सगळ्या बायांसमोर बोलली — "जिजी, जपी गयी का?" हसल्या सगळ्या. मी मुकादम, कामावर झोपेन? पापणी पडते, मी नाही! पाणीबी गळतं. मिरचीचंच असेल. पण चाळीस वर्षं नाही गळलं, आताच का?

१० जानेवारी
चिकटपट्टी लावून पापणी वर ओढली, कपाळाला चिकटवली. झाला इलाज.

११ जानेवारी
घरच्या तिखटासाठी पिशवीभर मिरची निवडून आणली. दुसऱ्याच्या निवडीवर माझा भरवसा नाही.

१३ जानेवारी
व्यापाऱ्यानं पोती परत धाडली. लाल मिरचीत फटकी — पांढरी पडलेली! शेठ तापला, कोणाचा ढीग? माझा नि जमनाबाईचा. आम्ही दोघीच त्यावर. मग तिचीच असणार! सांगून टाकलं. रडायला लागली — "ती फटकी मन्ही नही शे, जिजी!" उद्यापासून येऊ नको म्हटलं.

१७ जानेवारी
डोळा लाल. रेती गेल्यागत खुपतो. नात काजल ओढतच डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. पट्टी बघून बाई म्हणे, "आजी, हे काय केलं! डोळा मिटतच नाही, कोरडा पडलाय."

कोरडा? पदर भिजला पाण्यानं!

म्हणे पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तेल घट्ट झालं की डोळ्याची ओल उडते. मग डोळा चुरचुरतो, म्हणून पाणी सुटतं. आणि सैल पापणी नीट मिटत नाही, तर तेल पसरत नाही. म्हटलं, पापणीनं डोळा बिघडला की डोळ्यानं पापणी? "दोन्ही थोडं थोडं." हे काय उत्तर झालं!

"अंधुक कधीपासून दिसतं?"

मला चांगलं दिसतं, म्हटलं. काजल खाली बघत बसली.

१८ जानेवारी
पट्टी बंद. गरम फडक्यानं शेक, कडा हलक्या हातानं चोळा, थेंब टाका. नुसते लाड!

२५ जानेवारी
शेकलं.

३ फेब्रुवारी
पापणी अजून अर्धी खालीच. पण पाणी थांबलं, खुपणं गेलं. सुईत दोरा ओवला — एका झटक्यात! मग आधी काय दिसत होतं मला?

५ फेब्रुवारी
तिखट कुटायला घरची पिशवी उपसली. मुठीमुठीत फटकी. या पिशवीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही.

जमनाबाईचं घर शीलाला विचारलं. खांडबाऱ्याला उतरून पुढे चालत. उद्या सकाळच्या गाडीनं जाते.