वाचून दाखवले, कबूल

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

परभणी, ता. १२ नोव्हेंबर १९४१

तीर्थस्वरूप सांबप्पाकाकांस, बालक वीरुपाक्षचा कृ. सा. न. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. दिनकरराव वकिलांच्या हाताखाली येऊन चार महिने झाले, पण कायद्याचं पुस्तक त्यांनी अजून हाती दिलेलं नाही. रोज सकाळी पाणी भरायला बायनाबाई येते. तिच्यापुढं उभं राहून मी आदल्या दिवशीचा मुकदमा सांगायचा आणि तिनं तो आपल्या शब्दांत दिनकररावांना परत सांगायचा, अशी त्यांची शाळा. तिला कळलं तर मुन्सफाला कळेल, असं ते म्हणतात. पहिल्या दिवशी मी जडजड उर्दू शब्द पेरले. बाई घागर कडेवर घेऊन म्हणाली, की लय चांगलं बोलला मालक, पन भांडान कशाचं हाय ते न्हाई कळलं. या पंधरवड्यात मात्र तीनदाच नापास झालो.

फेब्रुवारीत परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. त्याला दिनकररावांनी सही केलेला चालचलणुकीचा दाखला लागतो. तो मिळेल, काळजी नसावी. काकूस नमस्कार. मायेचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.

आपला,
वीरुपाक्ष

जिंतूर, ता. २० नोव्हेंबर

चि. वीरुपाक्षास सांबप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाणी भरणारीपुढं तुझी वकिली चाललेली वाचून पोट धरून हसलो. शीक बाबा. बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.

पण तीस वर्षं तहसिलीपुढं चटई टाकून मी लोकांचे अर्ज लिहितो आहे, तेव्हा माझंही ऐक. हाकिमापुढं नजर पायाशी ठेवावी. आधी हुजूर, शेवटी हुजूर, आणि मधे आपलं म्हणणं, तेही बेताचं. दादा गेल्यावर तुझ्या जिभेला वळण मीच लावलं, पण तिची धार काही गेली नाही. जपून वापर. तुझ्या काकूचा आशीर्वाद.

सांबप्पा

परभणी, ता. ३ जानेवारी १९४२

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कानावर जाण्याआधी मीच सांगतो. परवा कचेरीत आमच्या पक्षकार चतुराबाई यांची जबानी झाली. त्यांच्या रानातून शेजाऱ्याची गाडी जाते आणि ती वाट कायमची आपली, असा त्याचा दावा आहे. बाईंनी स्वच्छ सांगितलं, की वाट दिली ती सुगीपुरती. पेशकारांनी जबानी उर्दूत उतरवली, खाली नेहमीची ओळ लिहिली, की वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल केले, आणि अंगठ्यासाठी शाई पुढं सरकवली. वाचलं कुणीच नव्हतं. कधीच वाचत नाहीत.

मला कागद दिसत होता. त्यात सुगीचं नावही नव्हतं. मी उठलो आणि म्हणालो, की हुजूर, वाचल्याचं लिहिलं आहे, पण वाचलेलं नाही, ते वाचावं. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, काका! मुन्सफसाहेबांनी तू कोण असं विचारलं. शिकाऊ आहे, पण वाचता येतं, असं मी सांगितलं. शेवटी मराठीत वाचावं लागलं. चतुराबाई तिथंच कडाडल्या, की सुगीपुरतीच म्हनले मी, बारा महिन्याची वाट कोन देईल? दुरुस्ती झाली.

आता साहेबांना माझी लेखी माफी हवी आहे. दिनकरराव म्हणाले, की मुद्दा तुझाच खरा, पण मला रोज त्याच माणसापुढं उभं राहायचं आहे. माफी दिल्याशिवाय ते दाखल्यावर सही करणार नाहीत. मग सहा महिने बायनाबाईपुढं कशाला उभं केलंत, असं मी विचारलं. त्यांनी दुसऱ्या मुकदम्याचे कागद पुढं ओढले.

वीरुपाक्ष

जिंतूर, ता. ९ जानेवारी

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

पाण्यात राहून माशाशी वैर करतात का रे? एका ओळीपायी परीक्षा घालवतोस? सोबत माफीचा मसुदा पाठवला आहे. त्यात तू नादान आहेस, हुजूर दयाळू आहेत आणि असं पुन्हा होणार नाही. याहून मोठ्या अपराधांच्या माफ्या मी लिहिल्या आणि सगळ्या मंजूर झाल्या. खाली सही कर, बाकी काही करू नकोस. तुझी काकूही हेच म्हणते.

सांबप्पा

परभणी, ता. १४ जानेवारी

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

मसुदा परत पाठवतो आहे. अक्षर सुंदर आहे. सही करणार नाही. पुन्हा होणार नाही असं त्यात आहे, आणि ते खोटं आहे. पुन्हा होईल. रागावलात तरी मी तुमचाच.

वीरुपाक्ष

जिंतूर, ता. २५ जानेवारी

चि. वीरुपाक्षास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा इतका संताप आला, की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मुंजाजी विहिरीच्या पाण्याचा अर्ज लिहून घ्यायला आला. अकरा वर्षं त्याचे अर्ज मीच लिहितो. लिहून झाला, सवयीनं खाली ओळ टाकली, वाचून दाखवले, कबूल. आणि हात अडला. वाचलं कुठं होतं? तीस वर्षांत कुणाला तरी वाचून दाखवलं होतं का?

मग मराठीत वाचून दाखवलं. मुंजाजी म्हणाला, की विहीर आमच्या आज्यानं खंदली ते कुटं हाय? आन् मेहेरबानी व्हावी असं कशापायी लिवलं, पानी आमचंच हाय. आजवर का बोलला नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाला, तुमी कवा वाचलंच न्हाई, सांबप्पा.

वीरुपाक्ष, मला त्या चटईवर बसवेना. कागद फाडला आणि नवा लिहिला. त्या दिवसापासून प्रत्येक अर्ज वाचून दाखवतो. शेजारचे अर्जनवीस कुरकुरतात, माझं काम निम्म्यावर आलं आहे. कुरकुरू देत. हुजूर हा शब्द मी त्यांच्याहून जास्त वेळा लिहिला आहे, आता पुरे झालं. दिनकररावांनी सही दिली नाही तर हे वर्ष जाईल. जाऊ दे. पुढच्या वर्षी दुसऱ्या वकिलाकडं जा, तिथंही असाच उभा राहा.

आणखी एक. तुझ्या काकूचं म्हणून मी जे जे लिहीत आलो, ते तिला कधी विचारलेलं नव्हतं. हे पत्र मात्र टाकण्याआधी तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. शेवटी मी लिहिलं होतं, की माफी मागू नकोस. ते खोडा म्हणाली. तिनं सांगितलं तसं लिहितो : माफी मागितलीस तर या घरी येऊ नकोस.

वाचून दाखवले. कबूल आहे, असे शांतम्मा म्हणते.

तुझा काका,
सांबप्पा