पोरीच्या पायातला गोळा

आये, तुझ्या नातीच्या पायात गोळा येतो. तुझ्या ओळखीचा तोच, पोटरीतला, हात लावला तर आत दगड भरल्यासारखा लागणारा. पहाटे अंथरुणात किंचाळून उठते आणि पाय धरून बसते. गेल्या आठवड्यात एसटीतून उतरताना दोन्ही पोटऱ्या एकदम आखडल्या आणि पोर शहापूरच्या स्टँडवर सगळ्यांच्या देखत आडवी झाली. मला दुकानात निरोप आला तेव्हा मी एका बाईला साडी उलगडून दाखवत होते. ती तशीच टाकून पळाले. जाऊन बघते तर भोवती ही गर्दी, एक जण चप्पल हुंगायला देतोय, एक जण म्हणतोय फिट आलीय, आणि पोर दात खाऊन रडतेय, दुखतंय म्हणून कमी आणि लोक बघतायत म्हणून जास्त. दहावीचं वर्ष आहे गं तिचं. आणि आमच्या घरात ठरलंय की सोमवारी तुझा जावई शाळेत जाऊन तिचं नाव काढणार. मी काय करू ते मला सुचेनासं झालंय. विचारायला कोणी नाही म्हणून तुला लिहितेय. तू जाऊन किती वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहितेय.

तुझे हात आठवतात मला. सिद्धगडाच्या पायथ्याचं आपलं ते घर, चुलीपाशी पाट टाकून तू मला बसवतेस, पळीत तेल कोमट करतेस. माझी टाच तुझ्या तळहातात, दुसऱ्या हातानं पायाची बोटं माझ्या नडगीकडे दाबायचीस, हळूहळू, गुडघा वाकू न देता. मी बोंबलायचे. तू म्हणायचीस, "सोड गो बाय, आंग सोड, धरून नको ठेवू." गोळा विरघळायचा आणि तू उरलेलं तेल स्वतःच्या पायाला पुसायचीस. माझ्या पायात गोळे का येतात याचं तुझं एक ठरलेलं उत्तर होतं. "हाडं वाढतान नि मास मागं राहतं, मंग वढतं." त्यावर उपाय म्हणून म्हशाच्या जत्रेतून तू मला पट्ट्याची सँडल आणलीस. आपल्या घरात पट्ट्याची सँडल घालणारी मी पहिली. तरी गोळे यायचे ते आलेच.

आणि त्याच तोंडानं, आये, तू मला रोज सकाळी सांगायचीस, "वाटंत पानी पिऊ नको गो." शाळा लांब, रस्ता उघडा, आडोसा म्हणून एक झुडूप नाही, येणारे-जाणारे बापे. एकदा मी हापशावर पोटभर पाणी प्यायले आणि घरी येईपर्यंत जीव गोळा झाला, तेव्हा तू केवढी भडकलीस! "तुला सांगितलं ना? मंग आवळ आता मांड्या नि चाल!" तू स्वतः आवणीला दिवसभर भाताची रोपं लावत चिखलात वाकलेली असायचीस, आणि सकाळच्या चहानंतर अंधार पडेपर्यंत घोटभर पाणी नाही. सगळ्याच बायका तशा. मला वाटायचं बायकांना तहान लागतच नाही.

नववीत मी वाटेवरच कोसळले. तू मला पाठीवर घालून घरी आणलंस आणि त्या दिवशी माझी शाळा संपली. "पाय गेला तं कोन बायको करील तुला?" असं म्हणालीस आणि माझ्यापेक्षा तूच जास्त रडलीस. घरी बसल्यावर माझे गोळे बंद झाले. मग काय, सगळा गाव म्हणाला, बघा, पोरीला चालणं सोसत नव्हतं. मलाही ते पटलं. इतकी वर्षं पटलेलंच होतं.

आता तुझ्या नातीचंही तसंच चाललंय. शाळा असली की गोळे, सुट्टी लागली की बरी. दसऱ्याला चार दिवस घरी होती, एकदाही ओरडली नाही. सासूबाईंनी पायाला काळा दोरा बांधला. शेजारीण रोज केळी पाठवते. शहापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. चांगला माणूस आहे, नीट समजावून सांगितलं. म्हणाले, "ताई, वाढतं वय आहे, या उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यात दिवसभर बाकावर पाय लोंबकळत बसायचं आणि मग स्टँडपर्यंत धावत सुटायचं. भरपूर पाणी पाजा. पोटऱ्या ताणायला शिकवा. दूध, नाचणी, केळी." आणि मीठ-साखरेच्या पावडरीची पाकिटं दिली. ती रोज सकाळी मी तिच्या बाटलीत कालवून देते, जिभेला लावून बघते, झाकण स्वतः घट्ट करते. काही फरक नाही. मग मनात नाही नाही ते येऊ लागलं. हाडाचं काही असेल, नसेचं असेल, डॉक्टरांना सापडलं नसेल. बसल्या जागी रडू यायला लागलं मला, गिऱ्हाइकासमोर.

दारातली जास्वंद वाळायला लागली नसती तर मला अजूनही कळलं नसतं. पोर संध्याकाळी आली की आधी जास्वंदीला पाणी घालते. मला कौतुक वाटायचं, दमून येते तरी झाडाची आठवण ठेवते. पण झाडाची पानं कडेनं करपायला लागली, कळ्या गळायला लागल्या, आणि बुंध्याशी मातीवर पांढरं काहीतरी साचलं. बोटावर घेऊन चाखलं तर खारट. तिथंच बसले मी, आये. सकाळी मी भरून दिलेली बाटली पोर रोज तशीच्या तशी परत आणत होती आणि जास्वंदीला घालत होती.

तिला घरात घेतलं, दार लावलं आणि बोलले, नको नको ते बोलले. मग म्हणाली, "आई, तूच सांगितलेलंस ना, बाहेर असताना पाणी कमी प्यायचं." सांगितलं होतं मी. ती पहिल्यांदा बाजूला बसली तेव्हा, जवळ घेऊन, शहाणपणाची गोष्ट म्हणून. तुझेच शब्द, फक्त जरा नीट भाषेत. मी म्हटलं, "अगं पण पाय दुखतात ना इतके?" तर म्हणते, "पाणी प्यायले तर शाळेत जाऊ कुठं? त्या दाराला कडी नाय. मैत्रीण बाहेरून धरून उभी राहते, तरी पोरं ढकलतात नि हसतात. दाबून ठेवलं तर पोटात दुखतं. पाय दुखला तर सांगता तरी येतं गं आई."

मी शाळेत गेले. ते दार बघितलं. खालची फळी कुजलेली, नळ कोरडा, समोरच मुलांच्या वर्गाच्या खिडक्या. मीसुद्धा गेले नसते तिथं. मोठ्या बाईंना भेटले, त्या काही वाईट वागल्या नाहीत. दाराचं वर कळवलंय म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का ताई, आम्ही बायकापण घरी जाईपर्यंत थांबतो." म्हणजे बघ, शिकलेल्या बायका, पर्स घेऊन येणाऱ्या, त्यापण तुझ्यासारख्याच तहानेल्या.

घरी सांगायचं तर जीभ रेटेना. सासरे ओट्यावर, सासूबाई चुलीशी, आणि मी तो शब्द कसा काढू? दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा म्हटलं, केळी संपलीत. शेवटी तुझा जावई आसनगावला गाडी पकडायला निघाला, तशी मी गावाच्या कमानीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता सुटलो. कारण सापडलं, आजार नाही, पाय धडधाकट आहेत, शिकू दे तिला. तो ऐकत राहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणाला, "मग तर घरीच बरी ना गं. घरात संडास आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसेल परीक्षेला. पोरीचे हाल कशाला करायचे?"

काय उत्तर देऊ मी याला, सांग! दुष्टपणानं म्हणाला असता तर भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण तो मायेनं बोलला. तू बोललीस तशीच. बाहेरून बसेल म्हणे! भात कापायला कोण, भांडी कुणाची, आजीचे पाय कोण चेपणार, हे सगळं आत असल्यावर बाहेरून कधी बसायचं? मला माहीत आहे घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं. मी दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

तुझा राग येतो मला. नुसतं "पिऊ नको" सांगितलंस, का ते उघड कधी बोलली नाहीस, आणि हे असंच असायचं नाही असंही म्हणाली नाहीस. मग वाटतं, तू तरी कुणाला सांगणार होतीस? आज पहाटे पोर पुन्हा ओरडली. मी तिची टाच तळहातात घेतली, बोटं नडगीकडे दाबली, आणि माझ्या तोंडून तुझाच आवाज आला, "सोड गो बाय, आंग सोड." तिनं सोडलं. मग कूस वळवून म्हणाली, "आई, बाबांना सांग ना, मी सोसते म्हणून." तिला हेच येतं, आये. तू मला शिकवलंस, मी तिला.

मग मला एक सुचलं. आमच्या दुकानाच्या मागंच मालकीणबाईंचं घर आहे, आणि पोरीची शाळा पलीकडच्या गल्लीत. मधल्या सुट्टीत पोर तिथं जाऊन येऊ शकते. एवढीच तर गोष्ट आहे. पण पोरगी बालवाडीत होती तेव्हापासून मी त्या दुकानात आहे आणि स्वतःसाठीसुद्धा त्यांना कधी विचारलेलं नाही. सकाळी घरून निघाले की संध्याकाळी घरी. माझ्याही पोटऱ्या भरून येतात, मी म्हणते उभं राहून राहून.

आज दुपारी गेले. त्यांच्या दारात उभी राहिले. त्या म्हणाल्या, "काय गं, काय हवं?" मी म्हटलं, "काही नाही, जरा पाणी हवं होतं." त्यांनी तांब्याभर दिलं. तिथंच उभ्या उभ्या मी तो सगळा तांब्या रिकामा केला. त्या बघतच राहिल्या. मग दुकानात येऊन बसले, आणि तास-दीड तासानं दुसरा इलाजच उरला नाही. परत गेले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई! मग इतकी वर्षं कुठं जात होतीस?" आत बादली भरलेली होती, दाराला आतून कडी होती. मी ती लावली आणि दार ढकलून बघितलं.

बाहेर आल्यावर पोरीचं विचारायचं होतं. त्यासाठीच तर गेले होते. पण दोन गोष्टी एका दिवशी मागवेनात. पोरीचं राहिलं, आये. उद्या शनिवार, दुकान उघडं आहे. उद्या परत पाणी मागते.