भरावाचं अक्षर

३ फेब्रुवारी
धाकटे, तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? सूनबाईंची कंबर? आणि पिल्लाचा हलणारा दात पडला का एकदाचा? मी ठणठणीत. ही वही भरली की तुलाच पाठवणार, म्हणून तब्येती आधी विचारून घेतल्या.

नव्या कामाची जागा झकास. मोठी खिडकी, करकरणारी खुर्ची. एका जुन्या रुग्णालयातल्या कोरियन रुग्णांची नावं कार्डांवर पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. ती संगणकात चढवून झाली. आता दोन्ही ताडून बघायची. मी पुस्तकावरून कोरियन अक्षरं गिरवायचे तेव्हा तू हसायचीस. घे आता.

४ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरची मुलगी बडबडी आहे. मी तिला चष्मेवाली म्हणते, ती मला आजीबाई.

तिनं गंमत सांगितली. कोरियन अक्षर म्हणजे छोटं घर. वर व्यंजन, बाजूला किंवा खाली स्वर, तळाशी वाटल्यास आणखी एक व्यंजन. अशी अकरा हजार एकशे बहात्तर घरं, आणि संगणकात प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. नाहीतर सुटे तुकडे ठेवायचे, पडद्यावर ते आपोआप जुळतात. आपल्या काना-मात्रेसारखंच की.

५ फेब्रुवारी
यादीत सात ओळी कोऱ्या दिसल्या. संगणकाची मोजणी मात्र प्रत्येकीत तीन अक्षरं दाखवते. चष्मेवाली म्हणाली, ते भरावाचं अक्षर. दिसत नाही, पण त्याला क्रमांक असतो, जागा धरून ठेवतं. कार्डावरचं वाचता आलं नाही तिथं आधीच्या माणसानं घातलंय. आजीबाई, हात लावू नका हं, असंही वर बजावलं.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. फालतू मोकळी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. ती चहाला गेली तेवढ्यात सातही ओळी पुसल्या. यादी कशी स्वच्छ झाली.

७ फेब्रुवारी
चष्मेवाली आली नाही. हजेरीच्या यादीत तिची ओळ कोरी. मोजली. तीन अक्षरं.

प्रमुखबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या टेबलावर कधी कोणी नव्हतंच, तुम्हाला चहाची गरज आहे. टेबलावरचा तिचा कप अजून कोमट होता.

८ फेब्रुवारी
आज प्रमुखबाई नाहीत. वरच्या मजल्यावरचे चौघे नाहीत. सहा ओळी कोऱ्या.

समजलं मला. ती सात माणसं आपापली जागा धरून बसली होती. मी त्यांना उठवलं. आता ती आमच्या जागी बसताहेत. सातवी ओळ माझी असणार.

पण चूक माझी, तर दुरुस्तीही मीच करणार. कोणाला घाबरून मी मुद्रित अर्धवट सोडलेलं नाही.

९ फेब्रुवारी
सात कार्डं शोधली. पेन्सिल पुसट झालीय, पण दाबाचे वळ आहेत. खिडकीच्या उजेडात तिरकं धरून वाचलं — बोटानं चाचपलं — शाईनं गिरवलं — मग यादीत चढवलं. पहिलं नाव बसलं आणि चष्मेवाली खुर्चीत शिंकली. म्हणाली, आजीबाई, माझा चहा कोणी प्याला?

मिठीच मारली तिला.

१० फेब्रुवारी
सहा झाली. प्रमुखबाई ओरडताहेत, उशीर का म्हणून. गोड वाटलं ऐकायला.

दारावरच्यानं विचारलं, कोणाला भेटायचंय. चष्मेवाली माझ्याकडे बघते — माझ्यातून बघते. हजेरीत माझी ओळ —

नाही. मी उठणार नाही.

सातवं कार्ड. दोन घरं वाचली. तिसऱ्याचं तळाचं व्यंजन —

काल वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. आता काना गेलाय. पुन्हा दिला. पुन्हा गेला. पुन्हा देते. बघू कोण थकतं ते.

धाकट — धाकटे. तळाचं वळण बोटाला लागतंय. येतंय. तू लवकर उत्तर लिह — लिही. पाकिटावर माझं नाव घाल, शाईनं, काना-मात्रेसकट, दाबून, पूर्ण, म्हणजे मला