किती मण?

वाशी,
गुरुवार, १२ जुलै १९८४

प्रिय नंदिनीताई,

शि. सा. न. तू पाठवलेलं मेतकूट पोचलं. पुडी वाटेतच फुटली, त्यामुळे आणणाऱ्याच्या शर्टांनाही त्याचा वास लागलाय, बिचारा! आम्ही सगळे ठीक. हे सोसायटीचे सेक्रेटरी झालेत, म्हणजे पाण्यावरून होणारी भांडणं आता आमच्याच हॉलमध्ये होतात.

माझ्या क्लासचं विचारलंस. डी.एड.च्या प्रवेशासाठी निबंध आणि मुलाखत, दोन्ही शिकवते. यंदा आठ मुली होत्या, चौघींचे नंबर लागले. त्यातली एक सगुणा, तुर्भे गावातली. तिची आई गोजराबाई आमच्या बिल्डिंगखाली जवळा विकते. पोरगी हुशार गं! पण ‘पानी’, ‘कोन’, ‘हाय’. मी म्हटलं, अशी बोललीस तर तुला कोण मास्तरीण करणार? तीन महिने घोटून घेतलं. चुकली की दहा वेळा म्हणायचं. आपल्याला शाळेत करायला लावायचे ना, तस्संच.

तर नंबर लागला, छान झालं. मग मला बरं का वाटत नाहीये, तेच कळेना.

मुलाखतीला मी बरोबर गेले होते. दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर. तिने सुरुवात झकास केली. मग म्हणाली, “मला मणापासून शिक्षिका व्हायचंय.” अगं, भीतीने प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करायला लागली होती! त्यावर एक गृहस्थ म्हणाले, “किती मणापासून, बाई?” सगळे हसले. ती मान खाली घालून उरलेलं कसंबसं बोलली.

तेव्हापासून ती क्लासला आली नाही. मंगळवारी गोजराबाई वर आली. “पोरीचा नंबर लागला, बाय. पन ती घरान तोंडच उघरत नाय. मी बोलले का माज्याकरं बघते न् गप बसते. कॉलेजान जात नाय, असा कागदावर लिवून दिलान. माजा काय चुकला?” तिचं काय चुकणार? सोमवारपर्यंत नाव नोंदवलं नाही तर जागा दुसरीला जाईल.

ताई, वर एक गाळलं. सगळे हसले असं लिहिलं ना, त्यात मीही होते. हसू आवरलंच नाही गं. आणि नेमकं तेव्हाच तिने आधारासाठी दाराकडे बघितलं.

काल तिच्या घरी गेले. माफी मागायची, हे पक्कं ठरवलं होतं. कडी वाजवली. आतून तिचाच आवाज आला, “कोन हाय?” आठ दिवस मुकी बसलेली पोर बोलली होती! आणि मी काय म्हणावं? सवयीने तोंडातून गेलं, “कोण आहे.”

मी बराच वेळ उभी होते. शेजारीण म्हणाली, घरानच हाय ती. मला माहीत होतं. दार काही उघडलं नाही.

माझं डोकं चालेनासं झालंय. मी शिकवलं ते चूक का? शिकवलं नसतं तर तिचा नंबर लागला असता का? की नुसतं हसणं चुकलं? तूच सांग बाई.

आणि आणखी एक विचारते, रागावू नकोस. आपली आईही ‘पानी’च म्हणायची ना? शाळेतून आलो की आपण दोघी तिला दुरुस्त करायचो, खिदळायचो. पुढे पुढे ती आपल्याशी फारसं बोलायची नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, कामाने थकत असेल.

उद्या सकाळी परत जाते. आतून ‘कोन हाय?’ असं आलं, तर काय म्हणायचं ते अजून ठरत नाहीये.

तुझी,
आई हाक मारायची ती,
वैजंता