मोजे निर्दोष

४ फेब्रुवारी
मोजा या वस्तूविरुद्ध मानवजातीने आजवर बंड कसं केलं नाही, याचंच नवल वाटतं! मेहुण्याने वाढदिवसाला दिलेले. दोन जोडांवर एक फुकट — त्यातला फुकटचा माझ्या वाट्याला. इलॅस्टिक असं, की पाय माझे आणि ताबा त्याचा. पोटऱ्यांवर लाल ठिपके उठलेत. असो, रविवारच्या सदराची सोय झाली. घशाचं दुखणं तेवढं गेलं एकदाचं.

५ फेब्रुवारी
बायको म्हणते, "अहो, मोजे घोट्यापर्यंत, ठिपके मांडीपर्यंत. रात्री चढतात की काय मोजे?"
विनोदी लेखक मी. बरं.

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यावर काचेचा पेला दाबून पाहिला. ठिपका पुसट होईना. त्यांचं हसू मात्र पुसट झालं. "रक्तवाहिन्यांना सूज आहे. घशाच्या संसर्गानंतर होतं असं कधीकधी. लघवी कशी होते?"
कोऱ्या चहासारखी. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वहीलासुद्धा.

२१ फेब्रुवारी
सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढला. जंतू म्हणे केव्हाच पळाले! शरीराने त्यांच्यावर सोडलेली फौज आता घरच्यांवरच गोळ्या झाडतेय. हे मी लिहिलं असतं, तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून कापलं असतं.
मेहुणा आला होता. "भावोजी, काय लिहिलंत हो मोज्यांवर! ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं!" आपण माणसाच्या चिंध्या कराव्यात, आणि त्याने त्यांचा झेंडा करून मिरवावा. याला टोचायचं तरी कुठे?

३० मार्च
स्टेरॉइडने तोंड भोपळ्याएवढं झालंय. भूक राक्षसाची, जेवण अळणी. पण ठिपके गेले! पाय बायकोला तीनदा दाखवले.
डॉक्टरीणबाईंनी पायांकडे पाहिलंच नाही. "कातडी सुधारली. मूत्रपिंडं नाही सुधारत."

१२ मे
रक्ततपासणीचे आकडे चढतायत. मी जिने चढू शकत नाही.

१९ जून
डायलिसिसची तयारी ठेवा म्हणाल्या. "किंवा जवळचं कुणी मूत्रपिंड देणारं असेल तर बघू." बायकोला रक्तदाब, ती बाद. म्हटलं, "तुझ्या भावाला विचार. दोनांवर एक फुकट द्यायची सवय आहे त्याला."
ती हसली नाही. उठून आत गेली.

२ जुलै
आज भाजी निवडता निवडता बोलली. मेहुणा आपणहून तपासून आला. आम्हाला न विचारता, मागच्याच महिन्यात. त्याचं चालणार नाही. मधुमेह निघालाय, जुना, मुरलेला. त्याचीच मूत्रपिंडं अर्धी गेलीत. द्यायला गेला नसता तर कळलंही नसतं.
"तुम्ही आत असायचात ना, तेव्हा तो बाहेर बाकावर बसून असायचा. दर वेळी. डॉक्टर काय म्हणतात ते माझ्याकडून ऐकायचा आणि जायचा. भावोजींना सांगू नकोस म्हणायचा, सदरात घालतील."
भाजीची देठं तिने बराच वेळ तशीच हातात धरली होती.
सदर लिहायला बसलो. कागद कोरा.

९ जुलै
मेहुण्याची डॉक्टरीणबाईंकडे पहिली खेप. तो आत गेल्यावर मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. बाक फार कडक आहे, पाठ टेकता येत नाही.
बाहेर आला. डोळे लाल. "भावोजी! तुम्ही कधी आलात?"
"आत्ताच," म्हटलं.