पायाळूची लाथ

सोमवार, ४ एप्रिल १९३८
मोडलं कंबरडं! निपाणीला वखारीत तंबाखूचा बोद, ठासून भरलेलं ह्ये मोठं पोतं, ढकलाय गेले आणि कमरंत कट्‌दिशी वाजलं. तिथंच बसले. बायका हसाय लागल्या. मुकादम म्हणतोय, "उठा नागुबाई, सोंग पुरं!" त्याचं तरी काय चुकलं — सकाळीच त्याची फेंगडी चाल करून दावली होती सगळ्यास्नी. आता खरं रडतीया तर कोण मानंना. शेवटी बैलगाडीत घालून घरी आणलं.

शुक्रवार, ८ एप्रिल
उताणं न्हाई, पालथं न्हाई. डाव्या ढुंगणापासनं पोटरीपतोर कळ. थोरली जाऊ शेजारच्या दारातनं येतीया, भाकरी देतीया, परसाकडं नेतीया. तिच्या गळ्यात पडून उठायचं — आक्काच्या! जिच्या नकला करून मी गाव हसवलं तिच्याच. मालक गेल्यापासनं कुणावर भार टाकला न्हवता. देवा, वखार गेली तर जाऊ दे. माझी मला परसाकडं जाऊ दे, एवढंच.

मंगळवार, १९ एप्रिल
आक्काला घेऊन बेळगावला गेलते. मोटार खड्ड्यात गेली की मी वरडायची, म्होरल्या बाकावरचा म्हातारा दचकायचा. डॉक्टरनं फोटू काढला — हाडांचा! म्हटलं, "तोंडाचा काढा की, दात बरं हाईत अजून." हसला न्हाई मेला.
उजेडाम्होरं धरून दावलं. घरात उतरंड असतीया न्हवं, गाडग्यावर गाडगं? तळाकडचं एक म्होरं सरकलंय. मणका. आता परत जागंवर बसत न्हाई म्हणं, जपायचं. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई, फळीवर निजायचं, पट्टा बांधायचा. "पाठीला कुणाचा हात लावू देऊ नका. पाय बधिर झाला तर तडक या."
बधिर! हितं कळ थांबंना आणि ह्यो बधिराचं सांगतोय.

रविवार, २४ एप्रिल
फळी. आढं. फळी.
पट्टा आवळला की मीच बोद दिसते.

गुरुवार, २८ एप्रिल
आज रडले. आक्कानं बघितलं. म्हणाली, "नागू, गुंडू कुंभार पायाळू हाय. जलमताना पाय आधी आलं त्याचं. त्याची लाथ बसली की कसली बी उसण जातीया. शनवारी अमुशा हाय, बोलवू का?"
मीच थट्टा केली — "डॉक्टर हात लावू नका म्हणाला गं. पायाचं कुठं काय म्हणाला?"
ती हसली. मी बी हसले. हसता हसता व्हय म्हणून बसले.

शनिवार, ३० एप्रिल, अमावस्या
लाथ मारायची म्हणून गुंडू आधी माझ्या पाया पडला! "काकी, राग धरू नका." म्हटलं, "मार रं, तुझंच गाडगं हाय समज." उंबऱ्यावर पालथी निजले. पहिल्या दोन नुसत्या शिवल्यागत. आक्का म्हणाली, "जरा जोरात, गुंडू." तिसरीला डोळ्यापुढं काजवं.

रविवार, १ मे
कळ गेली! गेली!! डाव्या पायात ठणका म्हणून न्हाई. जरा जड हाय, कापूस भरल्यागत. पण भिंत धरून माझी मी परसाकडं जाऊन आले — एकटी! एक वहाण वाटंत गळली, कळलं बी न्हाई. आक्का म्हणाली, "हरिखानं!" गुंडूच्या घरी नारळ धाडला. पट्टा खुंटीला. उद्या मुकादमाची चाल करून दावणार.

मंगळवार, ३ मे
पाय हाताला गार लागतोय म्हणून आक्कानं इटकर तापवून फडक्यात गुंडाळली, डाव्या पायाला लावून ठेवली आणि पाण्याला गेली. जरा वेळानं वास आला. ती दारात आली तशी मी हसत इचारलं, "काय करपलं गं चुलीवर?"
चुलीवर काय न्हवतं.