सावडीची फवारणी

हदगाव,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय जगदेवी,

सप्रेम नमस्कार. उदगीरला सगळे बरे असतील. लेकरांचा खोकला थांबला असेल.

परवा, बुधवारी दुपारी नांदेडहून फोन आला. आमच्या कापसाच्या नमुन्यात कीटकनाशकाचा अंश सापडला. तपासणी संस्थेच्या आरती मॅडमनी स्वतः सांगितलं. नमुना बदलला तर नसेल ना, असं मी विचारलं. "स्वप्नालीताई, दुसऱ्यांदा तपासून घेतलंय," त्या म्हणाल्या. सोमवारी त्या शेत बघायला येताहेत.

हे पत्र तू राखी बांधतेस त्या दयादादांच्या, आमच्या ह्यांच्या हाती पाठवतेय. ते समोर बसलेत तोवर शेवटपर्यंत वाच. वाचून होईपर्यंत इकडं कुणालाही फोन लावू नकोस. मीही फोनवरच सांगणार होते. काल लावलासुद्धा, पण तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारून ठेवून दिला.

आमचा बायकांचा गट तू पाहिलायस. यंदा कापूस आमच्या रानातला, सरकी काढली उमरीला, सूत नांदेडचं, आणि विणकाम इथं समाजमंदिरातल्या मशीनवर. जिल्ह्याबाहेरचं काहीच नाही. लातूरच्या एका शाळेनं बालवाडीच्या मुलांसाठी स्वेटर मागवलेत. रंग न दिलेले, कापसाच्याच रंगाचे. आतल्या बाजूला पट्टी: 'विषमुक्त कापूस, घरच्या शिवारातला.' निम्मे विणून झालेत. ढिगातला एक उचलून गालाला लावला की ठेवावासा वाटत नाही.

फोनचं कळलं तेव्हा सगळ्या जणी मशीन थांबवून बसल्या. सरजाबाई म्हणाली, "वाऱ्यानं उडून आलं आसंल. त्या किशनरावाचा पंप दिसभर चालूच ऱ्हातो मेल्याचा." किशनरावांचं रान आमच्या पश्चिमेला, हे तुला माहीत आहे. खरं सांगते, ते ऐकून मलाही जरा बरं वाटलं. शेजारच्या रानातून उडून आलेलं असेल तर बांधालगतच्या ओळींचा कापूस बाद होतो, बाकी वाचतं. रानात मुद्दाम फवारलं असेल तर तीन वर्षं ते रान बाद आणि गटाचं विषमुक्त शेतीचं प्रमाणपत्रही रद्द.

म्हणून संध्याकाळी साक्षीदार शोधायला निघाले. आमच्या बांधाला लागून रान तुझ्या वडिलांचं, आमच्या शेजारच्या अण्णांचं. अण्णा ओट्यावर दावं वळत बसले होते.

"अण्णा, भादव्यात किशनरावांना फवारताना बघितलं का तुम्ही?"

"किशन? त्यो तवा हैदराबादला पोरीकडं व्हता. त्यो कशाला मारतोय?" अण्णा हसले. "मीच मारलो की."

"कुठं?"

"तुमच्यात. दयानंद दवाखान्यात, तू त्याच्या उशाला. बोंडाला अळी लागून राहिली व्हती. म्हणलं, बघत बसायचं का? उरकून टाकलो."

"पण आम्ही औषध मारत नाही, हे ठाऊक होतं ना?"

"हाव, ठावं हाय की. पण आजारी माणसाला उपास माफ आसतोय, पोरी. घरात दुखणं आल्यावर कुठला नेम अन् कुठलं काय!"

जगदेवी, अडल्या शेजाऱ्याचं काम मजुरी न घेता करायचं, ही सावड. सावडीला केलेलं काम बोलून दाखवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. अण्णांनी ती पाळली. कापूस वेचून झाला, सूत झालं, तरी एका शब्दानं बोलले नाहीत. मी विचारलं नसतं तर आताही कळलं नसतं. त्यांनी केलेला चहा पिऊन मी घरी आले.

काल सकाळी नळावर सरजाबाईनं किशनरावांच्या नावानं तोंड सोडलं होतं. ते अण्णांच्या कानावर गेलं, आणि ते थेट समाजमंदिरात आले. दारातच उभं राहून म्हणाले, "सरजा, किशनला का शिव्या देतीस? मला दे."

"तुमाला बी देते की अण्णा, काय केलाव?" ती हसतच म्हणाली.

अण्णांनी सांगितलं. "आता गं बया!" एवढंच सरजाबाई म्हणाली.

"लेकरायला काय व्हतंय का हे घालून?" त्यांनी मला विचारलं. धुतल्यावर भीती नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, ते सांगितलं. पण विषमुक्त म्हणून विकता येणार नाही, हेही सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली. "बारा बायकांच्या पोटावर पाय दिलो मी," म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून ते जेवले नाहीत. दुपारी पाठवलेली भाकरी तशीच परत आली. कुणी बोलवलं तरी ओ देत नाहीत. संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात जाऊन औषधाची उरलेली बाटली मी पदराखाली घेऊन आले. का, ते मला लिहायला लावू नकोस. तुझ्या दयादादांनी पाहिलं. त्यांनी आपली वाकळ उचलली आणि अण्णांच्या ओट्यावर झोपायला गेले.

आज हे तुझ्याकडं निघालेत, म्हणून सकाळपासून तिथं सरजाबाई बसलीय. "तुम्ही जेवल्याबिगर मी हालत न्हाई, माझ्या घरी सैपाक बी करत न्हाई," असं तिनं अण्णांना बजावलंय. मघाशी जाऊन आले तेव्हा अण्णांनी अर्धा कप दूध घेतलं होतं.

स्वेटरचं मी बघून घेईन. त्या पट्ट्या आम्ही उसवायला घेतल्यात. शाळेला खरं काय ते कळवलंय. ठेवतील किंवा परत करतील. किशनरावांची माफी सरजाबाई मागणार आहे, तेवढीच तिला शिक्षा. प्रमाणपत्र जाणार, हे आता सगळ्या जणी धरून चालल्यात. अण्णांवर कुणाचा राग नाही. पण आम्ही कितीही सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटत नाही. तू सांगितलंस तर वाटेल.

आजच निघ. आल्यावर रडू नकोस, त्यांना समजावूही नकोस. चुलीपाशी बस आणि पीठ कुठं ठेवलंय म्हणून त्यांच्यावर ओरड.

सोमवारी दहाला मॅडम येतील. फवारलं कुणी, हे त्या विचारतील. "मी सांगतो, दुसऱ्या कुनी बोलायचं न्हाई," असं अण्णांनी सरजाबाईला सांगितलंय. त्या वेळी त्यांच्या एका बाजूला मी असेन. दुसऱ्या बाजूला तू हवीस.

वाटेकडं डोळे लावून,
तुझी
स्वप्नालीवहिनी